विद्युत सायकल रूपांतरणातील चाकाचा आकार

साध्या सायकलीला मोटर, बॅटरी व नियंत्रक बसवून तिची विद्युत सायकल करण्याच्या प्रक्रियेस विद्युत सायकल रूपांतरण असे म्हणतात. अशा रूपांतरणात चाकाचा व्यास हा एक महत्त्वाचा निर्णय असतो. मोटर चाकाच्या तुंब्यातच बसवलेली असेल, म्हणजे ती हब मोटर असेल, तर मोटर व रस्ता यांच्यामध्ये चाकाखेरीज दुसरा कोणताही वेगबदल उरत नाही. त्यामुळे चाकाचा व्यास हाच त्या वाहनाचा कायमचा गिअर ठरतो. लहान चाक घेतल्यास त्याच मोटरपासून रस्त्यावर अधिक रेटा मिळतो, चढावर मोटर कमी तापते आणि कमाल वेग घटतो. याउलट लहान चाक खड्ड्यांत अधिक आदळते, सायकलीची सांगाड्याची भूमिती बदलते आणि पायडल जमिनीजवळ येते. ही निवड मोटरची शक्ती, चढाचे प्रमाण, वाहून न्यायचा भार, रस्त्याची स्थिती व कायद्याची वेगमर्यादा या सर्वांचा एकत्रित विचार करून केली जाते.

## पार्श्वभूमी

अमेरिकेतील ऑग्डेन बोल्टन यांना ३१ डिसेंबर १८९५ रोजी विद्युत सायकलीचे एकस्व मिळाले. त्यांच्या आराखड्यात मोटर मागील चाकाच्या तुंब्यात होती व तिला गिअर नव्हते. म्हणजे चाकाचा व्यास व मोटरची गती यांचा थेट संबंध विद्युत सायकलीच्या अगदी आरंभापासून आहे.

लहान चाकांच्या सायकलींचा विकास मात्र स्वतंत्रपणे झाला. ब्रिटिश अभियंता अॅलेक्स मोल्टन यांनी १९६२ मध्ये १६ इंची चाकांची सायकल बाजारात आणली. चाक लहान असल्याने बसणारे धक्के कमी करण्यासाठी त्यांनी तिला पुढे व मागे निलंबन, म्हणजे सस्पेन्शन, आणि अधिक दाबाचे टायर दिले होते. पुढे ब्रॉम्प्टन व डाहोन यांसारख्या घडीच्या सायकलींमुळे १६ व २० इंची चाके प्रौढांच्या सायकलींतही रूढ झाली.

निओडिमियम चुंबके १९८० च्या दशकात व लिथियम-आयन बॅटरी १९९१ मध्ये बाजारात आली. त्यांच्यामुळे हलक्या ब्रशरहित मोटरी व सहज वाहून नेता येतील अशा बॅटऱ्या शक्य झाल्या आणि घरगुती रूपांतरण व्यवहार्य ठरले. आज मालवाहू विद्युत सायकलींमध्ये २० इंची चाक मोठ्या प्रमाणावर वापरले जाते. भार खालच्या पातळीवर राहणे, चाक मजबूत असणे व मोटरचा रेटा वाढणे ही त्याची प्रमुख कारणे आहेत.

## चाकाच्या आकाराची मापे

इंचांत सांगितला जाणारा चाकाचा आकार हा टायरच्या बाहेरील व्यासाचा ढोबळ निर्देश असतो. तो फसवा ठरू शकतो, कारण एकाच नावाखाली परस्परांना न बसणारी मापे येतात. उदाहरणार्थ, १६ इंची म्हणून ओळखल्या जाणाऱ्या रिमचा टायर बसण्याच्या जागेचा व्यास ३०५ मि.मी. किंवा ३४९ मि.मी. असू शकतो. २० इंची चाकातही ४०६ मि.मी. व ४५१ मि.मी. अशी दोन मापे आढळतात. म्हणून आयएसओ ५७७५ या आंतरराष्ट्रीय मानकात टायरची रुंदी व बैठकीचा व्यास मिलिमीटरमध्ये दिला जातो. टायरच्या बाजूवर छापलेला ५०-४०६ हा अंक ५० मि.मी. रुंदी व ४०६ मि.मी. बैठक-व्यास दर्शवतो.

चाकाचा बाह्य व्यास अंदाजे काढण्यासाठी बैठक-व्यासात टायरच्या रुंदीची दुप्पट मिळवतात. या व्यासाला π ने गुणल्यास परिघ मिळतो. स्वाराच्या वजनाने टायर दबत असल्याने प्रत्यक्ष परिघ याहून किंचित कमी भरतो. पुढील तक्त्यातील आकडे याच सूत्राने काढलेले आहेत. शेवटच्या रकान्यात १०५ न्यूटन रेटा मिळवण्यासाठी चाकाच्या आसाभोवती लागणारा टॉर्क दिला आहे. १०५ न्यूटन ही संख्या कशी आली, ते पुढील विभागात स्पष्ट केले आहे.

| प्रचलित नाव | रुंदी-बैठक व्यास (मि.मी.) | परिघ (मीटर) | ताशी २५ कि.मी. वेगाला फेरे प्रतिमिनिट | १०५ न्यूटन रेट्यासाठी टॉर्क (न्यूटन-मीटर) |
|---|---|---|---|---|
| २८ × १½ | ४०-६३५ | २.२५ | १८५ | ३७.५ |
| ७००सी | ३७-६२२ | २.१९ | १९१ | ३६.५ |
| २७.५ इंच | ५४-५८४ | २.१७ | १९२ | ३६.३ |
| २६ इंच | ५०-५५९ | २.०७ | २०१ | ३४.६ |
| २४ इंच | ४७-५०७ | १.८९ | २२१ | ३१.६ |
| २० इंच | ५०-४०६ | १.५९ | २६२ | २६.६ |
| १६ इंच | ३७-३४९ | १.३३ | ३१४ | २२.२ |
| १६ इंच | ४७-३०५ | १.२५ | ३३२ | २०.९ |

## तत्त्व

### रेटा व वेग

चाक फिरवणाऱ्या परिबलास टॉर्क म्हणतात. टॉर्कला चाकाच्या त्रिज्येने भागले की रस्त्यावर मिळणारा रेटा येतो. त्यामुळे मोटरचा टॉर्क तोच राहून त्रिज्या कमी झाली तर रेटा त्याच प्रमाणात वाढतो. वेगाचे उलट आहे. मोटरचे प्रतिमिनिट फेरे तेच राहिले तर परिघ लहान झाल्याने एका फेऱ्यात कापले जाणारे अंतर कमी होते.

वरील तक्त्यातील २६ व २० इंची चाकांची तुलना केल्यास बाह्य व्यास अनुक्रमे ६५९ व ५०६ मि.मी. येतात. त्यांचे गुणोत्तर सुमारे १.३० आहे. म्हणजे २६ ऐवजी २० इंची चाक घेतल्यास रेटा ३० टक्के वाढतो आणि वेग सुमारे २३ टक्के घटतो. मिनिटाला २०० फेरे घेणारी मोटर २६ इंची चाकात ताशी सुमारे २५ कि.मी. वेग देते, तर २० इंची चाकात ताशी सुमारे १९ कि.मी.

### चढावरील उष्णता

लहान चाकाचा सर्वांत मोठा लाभ चढावर दिसतो. सायकल, बॅटरी व स्वार यांचे एकूण वस्तुमान १०० कि.ग्रॅ. आणि चढ १० टक्के, म्हणजे १०० मीटरला १० मीटर उंची, असे धरू. गुरुत्वाकर्षणाविरुद्ध सुमारे ९७.५ न्यूटन आणि टायरच्या लोळण-घर्षणासाठी सुमारे ७.५ ते ८ न्यूटन असा एकूण अंदाजे १०५ न्यूटन रेटा लागतो. मंद वेगात हवेचा विरोध नगण्य असतो. हा रेटा सर्वस्वी मोटरनेच द्यायचा असेल तर २६ इंची चाकात ३४.६ न्यूटन-मीटर टॉर्क लागतो आणि २० इंची चाकात २६.६ न्यूटन-मीटर.

मोटरचा टॉर्क तिच्या गुंडाळीतून वाहणाऱ्या विद्युतप्रवाहाच्या प्रमाणात असतो, तर गुंडाळीत निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. त्यामुळे टॉर्क ०.७७ पट झाला की उष्णता सुमारे ०.५९ पट होते, म्हणजे ४१ टक्के कमी होते. समजा, हा चढ ताशी १२ कि.मी. वेगाने चढताना २६ इंची चाकाच्या मोटरच्या गुंडाळीत २०० वॅट उष्णता होत असेल, तर २० इंची चाकात तीच मोटर सुमारे ११८ वॅट उष्णता निर्माण करील. चाकाला मिळणारी यांत्रिक शक्ती दोन्ही वेळा सुमारे ३५० वॅटच असते. इतर ऱ्हास वगळल्यास पहिल्या स्थितीत बॅटरीतून ५५० वॅट, तर दुसऱ्या स्थितीत सुमारे ४६८ वॅट घेतले जातात.

बंदिस्त हब मोटरमधील उष्णता बाहेर पडण्यास वेळ लागतो. लांब घाटात गुंडाळीचे तापमान वाढत जाते. अतितापाने तारेवरील विद्युतरोधक लेप जळतो, चुंबकांची चुंबकता कायमची घटते व गिअरयुक्त मोटरमधील नायलॉनचे दातेरी चक्र मऊ पडून झिजते. दोन-तीन मिनिटांचा चढ सहज चढणारी मोटर अर्ध्या तासाच्या घाटात निकामी होते, ती याच कारणाने.

### ऊर्जेविषयीचा गैरसमज

लहान चाकामुळे चढ चढण्यास लागणारी ऊर्जा कमी होते, असा समज आढळतो. तो बरोबर नाही. ठराविक भार ठराविक उंचीवर नेण्यास लागणारे कार्य चाकाच्या आकारावर अवलंबून नसते. लहान चाकामुळे मोटर तिच्या सोयीच्या, म्हणजे अधिक फेऱ्यांच्या व कमी प्रवाहाच्या, टप्प्यात चालते व वाया जाणारी ऊर्जा घटते. म्हणूनच सपाट रस्त्यावर मोटर आधीच पुरेशा फेऱ्यांवर चालत असेल तेव्हा हा लाभ फारसा जाणवत नाही. उलट, अधिक फेऱ्यांमुळे मोटरच्या लोखंडी गाभ्यातील ऱ्हास वाढतो.

## गमावलेला वेग भरून काढणे

चाक लहान केल्याने घटलेला कमाल वेग दोन प्रकारे परत मिळवता येतो.

* बॅटरीचा विद्युतदाब वाढवणे: मोटरचे भाररहित फेरे विद्युतदाबाच्या प्रमाणात वाढतात. ३६ व्होल्टच्या लिथियम-आयन बॅटरीत साधारणतः १० व ४८ व्होल्टच्या बॅटरीत १३ घट एकसरीत जोडलेले असतात. हे गुणोत्तर १.३ आहे. २६ वरून २० इंची चाकावर आल्याने वेगात होणारी घट नेमकी या बदलाने भरून निघते. मात्र पूर्ण भारित अवस्थेत पहिल्या बॅटरीचा दाब ४२ व्होल्ट, तर दुसरीचा ५४.६ व्होल्ट असतो. नियंत्रक, प्रदर्शक व चार्जर हे वाढीव दाबासाठी योग्य असणे अनिवार्य आहे. ३६ व्होल्टचा चार्जर ४८ व्होल्टच्या बॅटरीस किंवा त्याउलट वापरणे धोक्याचे असते.
* वेगवान गुंडाळीची मोटर घेणे: एकाच आकाराच्या मोटरी कमी-अधिक वेटोळ्यांच्या गुंडाळ्यांत मिळतात. कमी वेटोळ्यांची व जाड तारेची मोटर त्याच दाबावर अधिक फेरे घेते, मात्र तेवढ्याच टॉर्कसाठी अधिक प्रवाह मागते.

संथ गुंडाळीची मोटर चढासाठी मुळातच अधिक समर्थ असते, हा समज अर्धसत्य आहे. प्रत्येक अँपिअरमागे तिचा टॉर्क अधिक असतो, पण तिच्या बारीक व लांब तारेचा रोधही अधिक असतो. तांब्याचे एकूण प्रमाण सारखे असल्यास समान टॉर्कसाठी दोन्ही मोटरी जवळजवळ सारख्याच तापतात. म्हणून वेगवान गुंडाळी व लहान चाक यांच्या जोडीने मूळचा वेग कायम राहतो आणि उष्णतेतील बचतही पदरात पडते. मोठ्या चाकात संथ गुंडाळीची मोटर बसवून हे साधत नाही.

## मोटरच्या प्रकारानुसार परिणाम

* थेट-चालित हब मोटर: हिच्यात गिअर नसल्याने मोटर व चाक यांचे फेरे सारखेच असतात. मोठ्या चाकात व मंद वेगात ही मोटर सर्वांत अकार्यक्षम ठरते, त्यामुळे लहान चाकाचा सर्वाधिक लाभ हिलाच होतो. पुनर्जनन आरोधन, म्हणजे उतारावर मोटरचा जनित्रासारखा वापर करून वेग रोखणे, हेही लहान चाकात अधिक कमी वेगापर्यंत प्रभावी राहते. मात्र वीज बंद असताना चुंबकांमुळे होणारा अडसर रस्त्यावर अधिक जाणवतो.
* गिअरयुक्त हब मोटर: हिच्यातील ग्रहमालिका-गिअर मोटरचे फेरे कमी करून टॉर्क वाढवतात. लहान चाकाचा लाभ येथेही त्याच प्रमाणात मिळतो, पण मोटर मुळातच वेगाने फिरत असल्याने गरज तुलनेने कमी असते. बहुतेक संच विशिष्ट चाकासाठी निरनिराळ्या फेऱ्यांत उपलब्ध असतात. २६ इंची चाकासाठीची मोटर तशीच २० इंची चाकात बसवल्यास सायकल संथ होते, आणि २० इंचीसाठीची मोटर मोठ्या चाकात बसवल्यास ती चढावर तापते.
* मध्य मोटर: ही पायडलच्या आसाजवळ असते आणि साखळी व गिअरमार्फत चाक फिरवते. चढावर स्वार खालचा गिअर टाकून मोटरला योग्य फेऱ्यांवर ठेवू शकतो. त्यामुळे केवळ मोटरच्या सोयीसाठी चाक लहान करण्याचे कारण उरत नाही.

## सायकलीच्या सांगाड्यावरील परिणाम

### पायडलची जमिनीपासूनची उंची

मोठ्या चाकांसाठी घडवलेल्या सांगाड्यात लहान चाके बसवल्यास संपूर्ण सायकल व्यासांतील फरकाच्या निम्म्याने खाली येते. २६ ऐवजी २० इंची चाके बसवल्यास ही घट सुमारे ७६ मि.मी. असते. पायडलच्या आसाची उंची मुळात २९० मि.मी. असेल तर ती २१४ मि.मी. उरते. त्यातून १७० मि.मी. लांबीची कँक वजा केल्यास ४४ मि.मी. आणि पायडलची जाडी धरल्यास जेमतेम ३० मि.मी. अंतर राहते. वळणावर सायकल कलली असताना किंवा गतिरोधकावरून जाताना पायडल जमिनीस टेकून स्वार पडण्याचा धोका त्यामुळे निर्माण होतो. आखूड कँक वापरल्याने हा धोका काही अंशी कमी होतो, नाहीसा होत नाही.

मध्यम मार्ग म्हणून २६ इंची सांगाड्यात २४ इंची रिम व रुंद टायर वापरतात. ६०-५०७ मापाच्या टायरचा बाह्य व्यास सुमारे ६२७ मि.मी. असतो. त्यामुळे उंची केवळ १६ मि.मी. घटते, पण रेट्यातील वाढही ५ टक्क्यांपुरतीच राहते.

### सुकाणूची स्थिरता

हँडलची फिरण्याची रेषा जमिनीला जेथे मिळते तो बिंदू आणि टायरचा जमिनीवरील स्पर्शबिंदू यांतील अंतरास ट्रेल म्हणतात. ट्रेल पुरेसा असेल तर सायकल सरळ रेषेत जाण्याचा कल राखते. हँडलच्या नळीचा कोन ७० अंश व चिमट्याचा पुढावा ४५ मि.मी. असताना २६ इंची चाकात ट्रेल सुमारे ७२ मि.मी. येतो. दोन्ही चाके २० इंची केल्यास तो सुमारे ४४ मि.मी. होतो. अशी सायकल हलक्या स्पर्शाने वळते. कमी वेगात हे सोयीचे वाटते, पण वेगात ती अस्थिर भासते.

केवळ मागील चाक लहान केल्यास सांगाडा मागे कलतो. १,०५० मि.मी. चाकतळ असलेल्या सायकलीत हा कल सुमारे ४ अंशांचा असतो. आसन मागे झुकते, हँडलचा कोन ७० वरून ६६ अंशांवर येतो व पायडलचा आस सुमारे ४५ मि.मी. खाली जातो. केवळ पुढील चाक लहान केल्यास सांगाडा पुढे कलतो व ट्रेल आणखी घटतो. हा बदल सर्वांत धोकादायक मानला जातो.

### ब्रेक, चिमटा व गिअर

रिमवर दाबणारे ब्रेक ठराविक व्यासासाठीच असतात. चाक बदलल्यावर त्यांचे रबर नव्या रिमपर्यंत पोहोचत नाही. डिस्क ब्रेक तुंब्यावर असल्याने त्यांना ही अडचण येत नाही. उलट त्याच डिस्कमुळे लहान चाकावर अधिक रोधक बल मिळते.

चिमट्याच्या दोन पायांतील अंतरही तपासावे लागते. प्रौढांच्या नेहमीच्या सायकलीत पुढे १०० मि.मी. अंतर प्रचलित आहे, तर अनेक घडीच्या सायकलींत ते ७४ मि.मी. असते. त्यासाठी अरुंद मोटर निवडावी लागते. मोटर जेवढा टॉर्क चाकाला देते तेवढाच उलट दिशेने चिमट्याच्या खाचांवर येतो. ॲल्युमिनियमचे चिमटे या ताणाने अचानक तुटू शकतात, म्हणून पोलादी चिमटा व आसाला फिरण्यापासून रोखणारी टॉर्क-पट्टी वापरली जाते. समान रेट्यासाठी लहान चाकात हा ताण कमी असतो, परंतु नियंत्रक जास्तीत जास्त प्रवाह देत असेल तेव्हा तो चाकाच्या आकाराने बदलत नाही.

पायडल मारण्याच्या गिअरवरही चाकाचा परिणाम होतो. पुढे ४४ व मागे १४ दात्यांचे चक्र असल्यास पायडलच्या एका फेऱ्यात २६ इंची चाक ६.५ मीटर, तर २० इंची चाक ५ मीटर अंतर कापते. मिनिटाला ७० फेऱ्यांच्या गतीने पायडल मारल्यास वेग अनुक्रमे ताशी सुमारे २७ व २१ कि.मी. येतो. स्वाराचा सहभाग टिकवण्यासाठी पुढील चक्र ५६ किंवा ५७ दात्यांच्या आसपास घ्यावे लागते. तसे न केल्यास पाय रिकामे फिरू लागतात व सर्व भार मोटरवर पडतो.

## चाकाची बांधणी

स्पोकची संख्या तीच असताना लहान चाक मोठ्या चाकापेक्षा मजबूत व बाजूच्या बलांना अधिक ताठ असते, कारण त्याचे स्पोक आखूड असतात व रिमवर ते जवळजवळ येतात. जड मोटर व मालवाहतूक यांसाठी हा मोठा गुण आहे.

तथापि, हब मोटरचा व्यास साध्या तुंब्यापेक्षा पुष्कळ मोठा असतो. थेट-चालित मोठी मोटर १६ इंची रिममध्ये बसवल्यास दोहोंमध्ये काही सेंटिमीटरच जागा उरते. नेहमीप्रमाणे स्पोक तीन वेळा एकमेकांवरून ओलांडल्यास ते रिमच्या छिद्रात तिरपे शिरतात, वाकतात व पुढे निपलजवळ तुटतात. म्हणून लहान रिममध्ये स्पोक एकदाच ओलांडून किंवा सरळ त्रिज्येवर ओवतात. फार जाड स्पोकही टाळले जातात, कारण त्यांना पुरेसा ताण देता येत नाही व ते सैल पडतात. स्पोकची लांबी मोटरचा कडा-व्यास व रिमचा अंतर्व्यास मोजूनच ठरवावी लागते.

टायरच्या बाजूवर छापलेली भारमर्यादा व हवेचा दाब हेही निवडीत महत्त्वाचे असतात. २० इंची टायर दर किलोमीटरला सुमारे ६२९ फेरे घेतो, तर २६ इंची टायर सुमारे ४८३. त्यामुळे इतर गोष्टी समान असताना लहान टायर लवकर झिजतो.

## रस्त्यावरील वर्तन

मोठे चाक लहान खड्ड्यावरून सहज निघून जाते. लहान चाक त्यात अधिक खोल उतरते व कडेवर अधिक उभ्या कोनात आदळते. टणक चाकाने ३० मि.मी. उंचीची कड ओलांडण्यासाठी आसाला पुढे ढकलणारे बल त्या चाकावरील भाराच्या पटीत काढल्यास २६ इंची चाकासाठी सुमारे ०.४६, २० इंचीसाठी ०.५४ व १६ इंचीसाठी (३४९ मि.मी.) ०.६० येते. हवेच्या टायरमुळे प्रत्यक्ष आकडे कमी असतात, पण क्रम हाच राहतो.

या उणिवेवर रुंद टायर, बेताचा दाब व निलंबन हे उपाय आहेत. ५० मि.मी. अथवा त्याहून रुंद टायर २० इंची चाकाला बराच आराम देतो. हब मोटरचे वजन मात्र निलंबनाच्या खाली, थेट चाकात असते. त्यामुळे खड्ड्यांचा मार रिम, स्पोक व मोटरचा आस यांना अधिक बसतो. पावसाळ्यात पाण्याने भरलेल्या खड्ड्याची खोली दिसत नाही, अशा वेळी हा फरक सुरक्षिततेचा प्रश्न बनतो. समान प्रकारच्या टायरमध्ये लहान व्यासाचे लोळण-घर्षणही अधिक असते. गिअर बदलणारा डिरेलर लहान चाकात जमिनीलगत लोंबतो व चिखल धरतो.

लहान चाकाच्या बाजूने सांगायचे तर ते हलके असते, त्याला वेग पटकन घेता येतो व सायकल कमी जागेत मावते. सामानाची फळी खाली येत असल्याने गुरुत्वमध्य खालच्या पातळीवर राहतो.

## कायदेशीर बाबी

भारतात केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम २(यू) अन्वये विशिष्ट मर्यादेतील विद्युत वाहनास मोटार वाहन मानले जात नाही. मोटरची ३० मिनिटांची शक्ती २५० वॅटपेक्षा कमी, कमाल वेग ताशी २५ कि.मी. पेक्षा कमी आणि बॅटरी वगळून वाहनाचे वजन ६० कि.ग्रॅ. पर्यंत, या त्यांतील प्रमुख अटी आहेत. मर्यादा ओलांडल्यास वाहनास नोंदणी, चालन परवाना व विमा यांचे नियम लागू होतात. वाहनांच्या चाचणीसाठी नियम १२६ अन्वये प्राधिकृत संस्थांमध्ये पुणे येथील ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडियाचा समावेश आहे. युरोपीय संघातही पायडल-साहाय्यित सायकलींसाठी २५० वॅट अखंड शक्ती व ताशी २५ कि.मी. ही मर्यादा आहे. अमेरिकेच्या संघराज्यीय ग्राहक-उत्पादन कायद्यात मोटरची शक्ती ७५० वॅटपेक्षा कमी व केवळ मोटरवरील वेग ताशी २० मैलांपेक्षा कमी, म्हणजे सुमारे ३२ कि.मी. पेक्षा कमी, अशी व्याख्या आहे.

अशा मर्यादेत लहान चाक विशेष उपयुक्त ठरते. वेग ताशी २५ कि.मी. वरच थांबणार असेल तर त्याहून अधिक वेगाची क्षमता निरुपयोगी असते. ती सोडून देऊन चढावरील बळ मिळवणे हिताचे ठरते.

चाक बदलल्यावर नियंत्रकातील चाकाच्या आकाराची नोंदही बदलावी लागते. नियंत्रक मोटरचे फेरे मोजून त्यांना नोंदवलेल्या परिघाने गुणतो. चाक २० इंची असताना नोंद २६ इंचीची राहिल्यास प्रदर्शकावर २५ दिसते तेव्हा खरा वेग ताशी सुमारे १९ कि.मी. असतो. याउलट २६ इंची चाकासाठी २० इंची नोंद असल्यास २५ दिसताना खरा वेग ताशी सुमारे ३२.५ कि.मी. असतो. अशी सायकल स्वाराच्या नकळत कायद्याची मर्यादा ओलांडते.

## भारतीय सायकलींच्या संदर्भात

भारतात अनेक दशके प्रचलित असलेल्या उभ्या धाटणीच्या काळ्या सायकलीला २८ × १½ मापाची, म्हणजे ६३५ मि.मी. बैठक-व्यासाची चाके असतात. वरील तक्त्यानुसार हे सर्वांत मोठे चाक असल्याने हब मोटरसाठी ते सर्वांत प्रतिकूल आहे. या सायकलींवरील सळईचे ब्रेक रिमच्या आतील बाजूवर दाब देतात व त्यासाठी विशिष्ट आकाराची रिम लागते. त्यामुळे लहान रिम बसवल्यास ब्रेकची संपूर्ण रचनाच बदलावी लागते. अशा सायकलीत मूळ चाक कायम ठेवून संथ फेऱ्यांची गिअरयुक्त हब मोटर किंवा मध्य मोटर वापरणे अधिक व्यवहार्य असते.

डिस्क ब्रेक असलेल्या २६ व २७.५ इंची सायकलींत चाक बदलणे तांत्रिकदृष्ट्या सोपे आहे, परंतु पायडलच्या उंचीची अडचण तेथेही राहते. म्हणून लहान चाक हवे असल्यास मोठा सांगाडा बदलण्याऐवजी मुळात २० इंची चाकांसाठी घडवलेली प्रौढांची घडीची अथवा मालवाहू सायकल घेणे श्रेयस्कर मानले जाते. लहान मुलांच्या २० इंची सायकलीचा सांगाडा, चिमटा व ब्रेक प्रौढाचे वजन अधिक मोटर व बॅटरी यांसाठी योजलेले नसल्याने ती या कामास योग्य नसते.

## निवडीचे निकष

| परिस्थिती | सामान्यतः योग्य चाक |
|---|---|
| सपाट प्रदेश, लांब अंतर, खराब रस्ते | मूळचे मोठे चाक |
| मध्य मोटर | सांगाड्याचे मूळ चाक |
| लांब घाट, हब मोटर, चांगला रस्ता | २० इंची, रुंद टायरसह |
| जड मालवाहतूक | २० इंची, मालवाहू सांगाड्यात |
| बस किंवा रेल्वेने नेण्याची सायकल | १६ किंवा २० इंची घडीची |
| २६ इंची डिस्क ब्रेकची सायकल, मध्यम चढ | २४ इंची, रुंद टायरसह |

निर्णयाचा क्रम साधारणतः पुढीलप्रमाणे असतो. प्रथम रोजच्या मार्गावरील सर्वांत कठीण व लांब चढ आणि एकूण वस्तुमान यांवरून लागणारा रेटा काढला जातो. त्याला चाकाच्या त्रिज्येने गुणून टॉर्क मिळतो व मोटर तो अखंडपणे देऊ शकते का हे पाहिले जाते. उत्पादकाने दिलेला कमाल टॉर्क अल्पकाळासाठीचा असल्याने तो अखंड टॉर्क समजणे चुकीचे ठरते. मोटर अपुरी पडत असेल तर स्वाराचा सहभाग वाढवणे, मोठी मोटर घेणे, मध्य मोटर घेणे किंवा चाक लहान करणे हे चार पर्याय उरतात. चाक लहान करण्याचा पर्याय निवडल्यास अपेक्षित वेगाला लागणारे फेरे मोटर व बॅटरी देऊ शकतात का, पायडल व जमीन यांत पुरेसे अंतर राहते का आणि ब्रेक नव्या चाकास लागू पडतात का, या तीन बाबी खरेदीपूर्वीच तपासल्या जातात.

## हे सुद्धा पहा

* विद्युत सायकल
* हब मोटर
* घडीची सायकल
* लिथियम-आयन बॅटरी
* ब्रशरहित विद्युत मोटर
* पुनर्जनन आरोधन